उकिरडा आणि बादली

स्वयंपाकघरातून नित्य निघणाऱ्या सालींचे, देठांचे आणि उष्ट्या-खरकट्याचे काय करावे, हा प्रश्न घरामागे परस आणि परसाच्या कोपऱ्यात उकिरडा होता तोवर कोणाही गृहस्थाला पडण्याचे कारण नव्हते. परंतु शहरांत घरे एकावर एक चढली, परसाच्या जागी वाहनतळ आले, आणि ओला कचरा उगमापाशीच वेगळा करण्याचे बंधन २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनी घराघरांवर घातले, तेव्हापासून तो रोज सकाळी दाराशी उभा राहू लागला आहे. त्याचे एक उत्तर म्हणून बोकाशी नावाच्या जपानी पद्धतीचा गच्चीवर बागा करणाऱ्यांत अलीकडे पुष्कळ बोलबाला झाला असून, पुण्यातल्या आमच्या वसाहतीत तिच्याविषयी दोन मते आहेत. ती ज्या दोन व्यक्तींची आहेत, त्या दोघांनीही आयुष्यभर मातीशी संबंध राखला आहे. म्हणून त्यांचा वाद मला लिहून ठेवण्याजोगा वाटला.

आप्पासाहेब महसूल खात्यातून मामलेदार म्हणून निवृत्त झाले. वाई तालुक्यात त्यांची थोडी वडिलार्जित जमीन आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत बदल्या होत असतानाही त्या जमिनीतला कंपोस्टचा खड्डा त्यांनी कधी रिकामा पडू दिला नाही. माई महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असत. आता तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या सज्जात दोन झाकणबंद बादल्या आणि कुंड्यांची एक रांग आहे. या दोघांत जे बोलणे झाले ते, पुनरुक्ती तेवढी गाळून, पुढे देतो.

आप्पासाहेब : माई, तुमच्या बादलीवर माझी हरकत आहे ती तिच्या नव्या असण्यावर नाही. कुजण्याची क्रिया मी ज्या स्वरूपात ओळखतो, तिच्या अगदी विरुद्ध असे काहीतरी तुम्ही त्या बादलीत घडवू पाहता, ही माझी अडचण आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत जे काम केले, आणि यशवंत वाड यांच्या जोडीने त्या कामावर १९३१ साली जो ग्रंथ लिहिला, त्याचे सार एवढेच की, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यावेत, ओलावा राखावा, आणि ढीग मुदतीने परतून त्याला हवा मिळू द्यावी. मग त्याच्या पोटात साठ अंशांच्या आसपास उष्णता चढते, तणांचे बी मरते, रोगांचे जंतू मरतात, आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारखा वास येणारे खत हाती येते. ही पद्धत आपल्याच मुलखात सिद्ध झाली आणि येथून जगभर गेली. आणि तुम्ही मात्र त्याच मालाला हवाबंद झाकणाखाली कोंडता!

माई : हॉवर्ड यांच्या कामाविषयी माझ्या मनात आपल्याइतकाच आदर आहे, आप्पासाहेब, आणि वाड यांचे नाव आपण घेतलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण त्या ग्रंथाची चर्चा करणारे बहुतेक लोक ते नाव सोडून देतात. परंतु हवेवाचून कुजवणे हेही आपल्या देशाला अपरिचित नाही. बंगळूरला आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास जी पद्धत बसवली, तिच्यात शहरातला केर आणि मैला खंदकात थराथराने भरून वरून मातीने लिंपून टाकीत, आणि मग सहा ते आठ महिने त्याला हात लावीत नसत. सबब, हवा हीच एकमेव वाट आहे असे नाही. मात्र माझी बादली इंदूरचीही नाही आणि बंगळूरचीही नाही. त्या दोन्ही पद्धतींत पदार्थ कुजावा अशी अपेक्षा असते. बादलीत तो कुजू नये अशी असते.

आप्पासाहेब : कुजू नये? मग खत कशाचे करता?

माई : बादलीत जे घडते ते लोणचे मुरण्यासारखे आहे. दुग्धाम्ल जीवाणू भाजीतली, भातातली, फळांतली साखर घेतात आणि तिचे आम्ल करतात. काही दिवसांत सामू चारपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतो, आणि एवढ्या आंबट परिस्थितीत सडवणाऱ्या जीवाणूंना वाढता येत नाही. म्हणूनच दुर्गंधी नाही, आणि झाकण घट्ट असेल तर माश्यांना प्रवेशही नाही. दोन आठवड्यांनी बादली उघडावी तर फ्लॉवरचा देठ देठच असतो, केळीची साल सालच असते. रंग थोडा उतरलेला, वर पांढऱ्या बुरशीची विरळ जाळी, आणि वास कांजीसारखा आंबूस. नवखा मनुष्य ते पाहून प्रयोग फसला असे समजतो आणि सगळे फेकून देतो. वास्तविक प्रयोग तेथे साधलेला असतो. हिरवी किंवा काळी बुरशी दिसली आणि सडका दर्प आला, तर मात्र हवा शिरली किंवा पाणी साचले असे समजावे.

आप्पासाहेब : म्हणजे बादलीतून निघते ते खत नव्हे, हे तुम्ही कबूल करता.

माई : निःसंकोच कबूल करते. तो खताचा पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध माती करते, आणि मातीवाचून तो होत नाही.

या कबुलीला मी फार महत्त्व देतो. या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या कित्येकांच्या बोलण्यात बादली हाच आरंभ आणि बादली हाच शेवट असतो. तिच्यातला माल पंधरा दिवसांनी थेट झाडाच्या बुंध्याशी घालावा अशा समजुतीने पुष्कळांनी आपली रोपे गमावली आहेत. ताज्या मालातली आम्लता मुळांना सोसवत नाही. माईंनी हा मुद्दा आडपडदा न ठेवता मांडला, आणि येथून वादाला खरे वळण लागले.

आप्पासाहेब : मग मला आणखी एक गोष्ट बोलू द्या, कारण ती मनात बरेच दिवस आहे. या विषयाभोवती एक बाजारपेठ उभी राहिली आहे. कोंड्याच्या पिशव्या विकतात, जीवाणूंच्या बाटल्या विकतात, आणि त्या बाटल्यांच्या अंगी असे गुण सांगतात की, जमीन सुधारते, पाणी शुद्ध होते, रोग हटतात. कोणत्याही अर्जात मागणी फार मोठी असली की पुरावा अधिक काटेकोरपणे तपासावा, हा दफ्तरातला शिरस्ता मी येथेही सोडणार नाही.

माई : सोडूही नका. मूळ जपानी शेतकऱ्यांची प्रथा जुनी आणि साधी होती : तांदळाचा कोंडा, पेंड, मासळीची कुटी हे पदार्थ मातीबरोबर कालवून आंबवायचे आणि शेतात घालायचे. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी १९८० नंतरच्या दशकात दुग्धाम्ल जीवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषी जीवाणू यांचे एक मिश्रण प्रसिद्धीस आणले. आज जी बादली आपण पाहतो तिचा प्रसार त्या मिश्रणाबरोबर झाला, आणि आपण म्हणता ते मोठे दावेही त्याच्याच बरोबर आले. त्यांची रुजुवात झालेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिख येथे २००३ ते २००६ अशी चार वर्षे शेतात प्रयोग झाले, आणि २०१० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जो काही परिणाम पिकावर आणि जमिनीवर दिसला, तो ज्या सेंद्रिय द्रव्यातून जीवाणू दिले त्या द्रव्याचा होता. खुद्द त्या जीवाणूंचा म्हणून वेगळा परिणाम आढळला नाही.

आप्पासाहेब : हा पुरावा तर तुमच्याच विरुद्ध जातो!

माई : बाटलीच्या विरुद्ध जातो, माझ्या विरुद्ध नाही. जर काम त्या सालींचे, त्या कोंड्याचे आणि मातीचे असेल, आणि जीवाणूंकडून मला हवे ते फक्त आंबवणे असेल, तर परदेशी वंशावळीचे जीवाणू विकत कशाला घ्यायचे? दुग्धाम्ल जीवाणू आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. दही, इडलीचे पीठ, आंबील, कांजी ही सारी त्यांचीच करणी. म्हणून मी काहीएक विकत आणत नाही. विरजण घरी करते.

आप्पासाहेबांनी तिची कृती सविस्तर सांगावी असा आग्रह धरला, आणि माईंनी ती वर्गात शिकवावी तशी सांगितली. मीही ती येथे पूर्णपणे देतो, कारण हे ज्ञान चार घरांत पोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तांदूळ धुतल्यावर निघणारे पहिले धुवण बरणीत अर्ध्यापर्यंत घ्यावे, तोंडाला फडके बांधावे आणि बरणी सावलीत ठेवावी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, थंडीत चार-पाच दिवसांत त्याला आंबूस वास येतो, वर पातळ साय धरते आणि तळाशी पिठूळ गाळ बसतो. वरची साय आणि खालचा गाळ सोडून मधले पाणी तेवढे काढून घ्यावे आणि त्याच्या दहापट दुधात मिसळावे. हे दूध पुन्हा फडक्याखाली ठेवले की काही दिवसांत दह्यासारखा थर वर येतो आणि खाली पिवळसर निवळी उरते. ती निवळी म्हणजेच विरजण. दूध हे येथे चाळणीचे काम करते : धुवणात नाना जातींचे जीवाणू असतात, त्यांतून दुधातल्या साखरेवर पोसणारे आणि आम्लात तगणारे तेवढे वाढतात, बाकीचे मागे पडतात. निवळी टिकवायची असेल तर तिच्यात समभाग गूळ विरघळवून थंड जागी ठेवावी.

पुढचे काम कोंड्याचे. किलोभर गव्हाच्या कोंड्याला दोन मोठे चमचे निवळी आणि तेवढीच काकवी पाव ते अर्धा लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी शिंपडत जावी. पाणी नळाचे असेल तर ते रात्रभर उघडे ठेवलेले असावे, कारण त्यातला क्लोरीन ज्यांना आपण वाढवू पाहतो त्यांनाच मारतो. मुठीत दाबला असता कोंड्याचा लाडू वळावा, बोट लावताच तो फुटावा, आणि पाण्याचा थेंब गळू नये, इतकाच ओलावा हवा. असा कोंडा डब्यात दाबून, हवा काढून, दोन आठवडे बंद ठेवावा. मग त्याला गोडसर आंबूस वास येतो. सावलीत वाळवून ठेवला की तो कित्येक महिने चालतो.

बादल्या दोन, एकीत दुसरी बसणाऱ्या. आतलीच्या बुडाला भोके. तळाशी मूठभर कोंडा, वर चिरलेल्या सालींचा आणि शिळ्यापाक्याचा थर, पुन्हा मूठभर कोंडा, आणि वरून ताटलीने दाबून झाकण घट्ट. दिवसातून एकदाच उघडायची. खालच्या बादलीत जो निचरा जमतो तो दोन-तीन दिवसांनी काढावा आणि शंभरपट पाण्यात मिसळूनच झाडांना द्यावा. बादली भरली की दोन आठवडे तिला हात लावू नये.

आप्पासाहेब : कृती चोख आहे, आणि तिच्यात खर्च नाही हे मला मान्य आहे. पण कोंडा! माई, ज्या गावात मी वाढलो तेथे कोंडा हा दुभत्या जनावराचा वाटा होता. दुष्काळी कामांवर असताना मूठभर कोंड्यासाठी आणि पेंडीच्या तुकड्यासाठी दावणीला हंबरणारी गुरे मी पाहिली आहेत. तो कोंडा, तो गूळ आणि ते दूध केरात घालताना माझा हात पुढे होत नाही. माझ्या उकिरड्याला यांपैकी काहीच लागत नाही. त्याला पडलेले पान लागते, शेण लागते आणि सवड लागते.

माई काही क्षण बोलल्या नाहीत. हा आक्षेप शास्त्राचा नव्हता, आणि शास्त्राने त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

माई : आपले म्हणणे मला पटते, आणि त्यावर मी विचारही केला आहे. दूध वाटीभर लागते आणि ते पुष्कळ महिने पुरते, म्हणून त्याचे मला ओझे वाटत नाही. कोंड्याविषयी मात्र आपली बाजू बरोबर आहे. कोंडा हा केवळ वाहक आहे. जीवाणूंना बसायला जागा आणि थोडे खाणे, एवढेच त्याचे काम. ते काम निवळी आणि काकवीच्या पाण्यात भिजवून, बंद डब्यात आंबवून वाळवलेले वर्तमानपत्राचे तुकडेही करतात, नारळाच्या काथ्याचा भुसाही करतो. यापुढे मी कोंडा आणणार नाही. परंतु आता मला एक विचारू द्या. आपला खड्डा वाईला आहे. येथे, या इमारतीत, आपल्या घरी रोज ज्या साली निघतात त्या कोठे जातात?

आप्पासाहेब : घंटागाडीत.

माई : आणि घंटागाडी वर्षानुवर्षे कोठे जात होती, हे मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या विहिरींनी आणि तिथल्या माणसांनी या शहराच्या ओल्या कचऱ्याचा भार सोसला. तिथल्या ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या, तेव्हा कोठे शहराला जाग आली. ज्याला शेत आहे, त्याने ढीग करावा. त्याहून उत्तम काही नाही. पण तिसऱ्या मजल्यावर ढीग होत नाही. हवेशीर कुंडीत नुसत्या साली घातल्या की माश्या येतात, शिजलेले अन्न घातले की उंदीर येतात, मासळीचे काटे घातले की शेजाऱ्यांचा तगादा सुरू होतो. बंद बादली हे सारे मुकाट्याने घेते. माझा दावा एवढाच आहे. याहून मोठा नाही.

आप्पासाहेब : तुमच्या बादलीला उष्णता नाही, म्हणून रोगट पाने आणि तणांचे बी तिच्यात घालू नये, हे तरी लोकांना सांगा.

माई : सांगते, आणि नेहमीच सांगत आले आहे. पण ती उष्णता कोठून येते, हेही ध्यानात घ्यावे. आपला ढीग निम्म्याहून कमी होऊन बसतो, तो त्यातला कार्बन वायू होऊन निघून गेल्यामुळे. आणि त्याच्याबरोबर काही नत्रही अमोनियाच्या रूपाने जाते. बादलीत जवळजवळ सगळे शिल्लक राहते.

आप्पासाहेब : आणि मातीत पुरल्यावर? तेथे जीवाणू श्वास घेणारच. कार्बन आज गेला नाही तर उद्या जाईल. हिशेबात ही रक्कम पुढच्या पानावर ओढली, एवढेच.

माई : खरे आहे. फक्त ती जाते तेव्हा मातीच्या आत जाते. गांडुळांना आणि मुळांभोवतीच्या जीवसृष्टीला तिचा उपयोग होतो.

मला या ठिकाणी आप्पासाहेबांचा मुद्दा अधिक बळकट वाटला, आणि माईंचे उत्तर त्या मानाने आशेवर आधारलेले. पण या प्रश्नाचा निर्णय येथे होण्याची गरज नव्हती, कारण दोघेही बोलता बोलता एकाच जागी येऊन पोचले होते : मातीपाशी.

माईंचा परिपाठ असा की, जुन्या कुंड्यांतली निकस माती एका मोठ्या टबात साठवायची, बादलीतल्या मालाच्या दुप्पट-तिप्पट मातीत तो माल नीट कालवायचा, वरून चार बोटे मातीचा थर द्यायचा आणि टब झाकून ठेवायचा. दोन ते चार आठवड्यांत साली आणि देठ ओळखू येईनासे होतात, आणि त्याच मातीत मिरची, वांगी, मेथी उत्तम येतात. आप्पासाहेबांनी तो टब स्वतः उकरून पाहिला, माती चुरगळून हुंगली, आणि ही माती जिवंत आहे असा दाखला त्यांनी दिला. पण त्यांच्या पुढच्या प्रश्नाने माई थांबल्या. वसाहतीतल्या प्रत्येक घराने बादली ठेवली, तर एवढी माती आणायची कोठून?

माई : टबातली माती पुन्हा पुन्हा वापरता येते, पण घरे वाढली तर ती पुरणार नाही, हे मला दिसते. माल पुरायला जमीनच हवी. खाली उतरून मी जागा शोधली होती. प्रवेशद्वारापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी आहे, नाहीतर काँक्रीट. झाडांच्या बुंध्यांनाही त्याने वेढले आहे.

आप्पासाहेब : नकाशावर ही सारी मोकळी जागा म्हणून दाखवलेली असेल. मी आयुष्यभर जमिनीची दफ्तरे पाहिली. पड, जिराईत, बागाईत, पोटखराबा, सगळ्या प्रकारांच्या नोंदी केल्या. पण जमीन आहे आणि माती नाही, असा प्रकार आमच्या वेळी दफ्तरात नव्हता. पुसदचे पांढरीपांडे यांनी कंपोस्टची जी नाडेप टाकी बसवली, ती दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. विटांच्या भिंतींत हवेसाठी फटी ठेवलेल्या. तेवढी एक टाकी आणि कुंपणाच्या कडेने मातीची एक पट्टी मिळाली, तर पाला माझ्या टाकीत जाईल आणि तुमच्या बादल्या त्या पट्टीत. मग वादाला जागा उरत नाही.

माई : जागा उरली तरी मला चालेल. मातीला मिळाली पाहिजे.

त्या दोघांनी मिळून व्यवस्थापक समितीकडे अर्ज केला आहे. त्याचा खर्डा आप्पासाहेबांनी लिहिला. त्यात पट्टीची लांबी-रुंदी, फरशी काढण्याचा खर्च, आणि पावसाळ्यात त्या पट्टीत मुरणाऱ्या पाण्याचा लाभ, अशी सर्व कलमे आहेत, आणि ओल्या कचऱ्याचे कलम माईंनी जोडले आहे. मंजुरी अद्याप आलेली नाही.

बोकाशीविषयी माझे मत असे आहे की, ज्याच्यापाशी परस किंवा शेत आहे त्याला तिची गरज नाही. ज्याच्यापाशी नाही त्याने ती अवश्य करावी, पण पिशवी किंवा बाटली विकत न घेता, तांदळाच्या धुवणापासून आरंभ करून. बादली आणण्याच्या आधी निदान एक टब भरून माती गोळा करावी. आणि ज्यांच्या वसाहतीत कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी अंथरलेली आहे, अशा प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे की, येत्या सर्वसाधारण सभेत भिंतीच्या कडेची दोन हात रुंदीची फरशी काढून तेवढी जमीन उघडी करण्याचा ठराव त्याने स्वतः उभे राहून मांडावा.